तांबरम : सेंड आणि रिटर्न

तांबरमच्या आमच्या ऑर्केस्ट्राची नफरी अशी होती: दोन गिटार, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, एक ढोलक आणि गाणारे तिघं. ऑर्केस्ट्रा म्हणजे हवाई दलाचा गणवेशातला बँड नव्हे. तो वेगळा, त्यांची तालीम आणि शिस्तही वेगळी. आम्ही ड्यूटी संपल्यावर जमणारे हौशी लोक. कोणी इंजिनवाला, कोणी स्टोअर्समधला, एक तर मेसमधला कुक, आणि आमच्यात सर्वांत सुरेल तोच. अशा ऑर्केस्ट्राचं आयुष्य एका पोस्टिंगच्या कागदाएवढं असतं. माणसं जमतात, हळूहळू सूर जमतात, आणि तेवढ्यात ढोलकवाल्याची जोरहाटला आणि गाणाऱ्याची भुजला ऑर्डर येते. नोकरी केलेल्यांना हे सांगायला नको.

२०१९ च्या सप्टेंबरात आमच्या लीड गिटारवाल्याची ऑर्डर आली. कार्पोरल, साताऱ्याकडचा, गणपती मंडळाच्या स्टेजवर गिटार शिकलेला. ८ ऑक्टोबरचा हवाई दल दिन आणि त्या संध्याकाळचा बडा खाना हा त्याचा आमच्याबरोबरचा शेवटचा कार्यक्रम ठरला. त्या वर्षी दसराही नेमका त्याच दिवशी होता. एका जुन्या हिंदी गाण्याच्या मध्यात त्याला मिनिटभराचा सोलो दिला होता, आणि तालमीत तो सोलो कोणाला ऐकू येत नव्हता. आवाज यायचा, पण भिंतीपलीकडे कोणीतरी मिक्सर चालवावा तसा. कुठला सूर, कुठली जागा, काही कळत नव्हतं. चौथ्या तालमीनंतर तो म्हणाला, "सर, दोन्ही पेडल विकून टाकतो. खराब आहेत. जाताना तेवढंच सामान कमी."

पेडल खराब नव्हती. त्यांची जागा चुकली होती.

ज्यांनी तांबरम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं. चेन्नई बीच ते तांबरम ही विजेची लोकल १९३१ पासून धावते, आणि तांबरम हे तिचं टोक, आपल्याकडे एके काळी विरार असायचं तसं. स्टेशनच्या पूर्वेला मद्रास ख्रिश्चन कॉलेजचा जंगलासारखा आवार, त्याच्या पुढे सेलैयूर आणि आमचा तळ. हवाई दलात शिकवणाऱ्यांना शिकवणारी शाळा, म्हणजे फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल, १९५४ पासून इथे आहे. आमची मेकॅनिकल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटही इथेच. मी तिथे पोरांना इंजिन शिकवायचो. त्यामुळे कुठलीही वस्तू बिघडली की आधी ती सरळ क्रमाने तपासायची, हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते ते बोटाने दाखवायचं, ही खोड लागली ती लागलीच. गिटार मी वाजवत नाही. ऑर्केस्ट्रात माझं काम वायरी गुंडाळायचं आणि मिक्सरवर बसायचं.

तर पोरगा पेडल विकायच्या गोष्टी करत होता तेव्हा मी त्याचा ॲम्प भिंतीपासून ओढून उलटा केला. मागे दोन भोकं होती. एकाखाली सेंड, दुसऱ्याखाली रिटर्न. विचारलं, हे काय आहे? म्हणाला, "हेडफोनचं असेल सर, कधी वापरलं नाही."

तिथेच सगळा कारभार होता.

गिटारचा ॲम्प दिसतो एक डबा, पण आत दोन माणसं असतात. पहिला प्रीॲम्प. गिटारच्या तारेखालच्या चुंबकातून येणारा सिग्नल फार अशक्त असतो, व्होल्टच्या काही दशांशांचा. प्रीॲम्प त्याला उचलतो, त्याचा टोन ठरवतो, आणि गेनचं बटण वाढवलं की त्याला मुद्दाम फाडतो. रॉक गिटारचा तो करकरीत, खरखरीत आवाज बहुतेक वेळा इथे जन्मतो. दुसरा पॉवर ॲम्प. त्याचं काम आलेला आवाज स्पीकर हलवण्याइतका मोठा करायचा. सेंड म्हणजे पहिल्या माणसाने काम संपवून कागद दाराबाहेर देणं, आणि रिटर्न म्हणजे तो कागद दुसऱ्याच्या टेबलावर येणं. मधल्या मध्ये तुम्हाला त्यावर काही शेरा मारायचा असेल तर मारा. यालाच इफेक्ट्स लूप म्हणतात. मधे काही लावलं नाही तर कागद आतल्या आत जातो.

पोराकडे तीन पेडल होती: वाहवाह, नारिंगी रंगाचं डिस्टॉर्शन आणि पांढरं डिले. तिन्ही त्याने गिटार आणि ॲम्पच्या पुढच्या भोकाच्या मधे एका ओळीत लावली होती, आणि ॲम्पवर गेन भरपूर. म्हणजे डिलेतून निघालेला सूर आणि त्याचे प्रतिध्वनी, सगळं मिळून फाडणाऱ्या माणसाच्या हातात जात होतं.

डिले म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावण्याची गरज नाही. मंडपात निवेदकाच्या माइकला लावलेला इको आठवा. "नमस्कार... स्कार... कार..." तोच. आता हेही आठवा की मंडपात तो इको असूनही भाऊंच्या भाषणातलं अक्षर का कळत नाही. कारण इको आधी लागलेला असतो आणि त्याच्या पुढचा भोंगा गळ्यापर्यंत चढवून फाटत असतो. स्वच्छ स्पीकरवर तोच इको लावा, प्रत्येक शब्द ऐकू येईल. फाटण्याच्या आधीचा इको आणि फाटल्यानंतरचा इको या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमचा पोरगा इतकी वर्षं मंडपात वाजवून भोंगाच तयार करत होता.

याचं कारण थोडं खोलात सांगतो, कारण नुसता "डिले लूपमध्ये लाव" हा हुकूम पाठ करून काही होत नाही. डिस्टॉर्शन म्हणजे लाटेचा माथा कापणं. समजा चार फुटी छताची खोली आहे. त्यात सहा फुटी माणूस घाला, तो चार फुटांचा होऊन निघतो. पाच फुटी घाला, तोही चार फुटांचाच. डिलेचा पहिला प्रतिध्वनी मूळ सुरापेक्षा हळू, दुसरा त्याहून हळू, असे ते विरत जायला हवेत. पण छताखालून काढले की सगळे एका उंचीचे. विरणं संपलं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. माथा कापणाऱ्या कुठल्याही यंत्रात दोन सूर एकदम घातले तर बाहेर फक्त ते दोन येत नाहीत. त्यांची बेरीज आणि वजाबाकीही येते. गिटारची मोकळी ए तार ११० हर्ट्झला वाजते आणि तिच्या वरचा पाचवा सूर, ई, १६५ ला. वजाबाकी ५५, म्हणजे त्याच ए चा खालचा सप्तक. बेरीज २७५, तीही जवळपास सुरातली. म्हणून रॉकवाले दोन तारांचा तो पॉवर कॉर्ड कितीही फाडून वाजवतात आणि तो भरदार लागतो. आता सोलो घ्या. पोराने वरचा ए वाजवला, ४४० हर्ट्झ. लगेच बी वर गेला, ४९४. हात बी वर आहे, पण डिलेतून मागचा ए अजून येतोय. दोघे एकदम फाडणाऱ्यापाशी पोचतात आणि ५४ हर्ट्झची एक गुरगुर तयार होते जी कोणी वाजवलेलीच नाही. पुढच्या सुराला तिसरी, त्यापुढे चौथी. मिनिटभराच्या सोलोत अशा किती जमतील याचा हिशेब करा. मिक्सर चालू असल्यासारखं वाटत होतं ते हेच.

डिले काढून लूपमध्ये लावला. सेंडमधून वायर डिलेत, डिलेतून वायर रिटर्नमध्ये. आता गिटारचा सूर आधी फाटतो, एकटा फाटतो, आणि फाटून झालेल्या सुराची नक्कल डिले करतो. पुढे मोठा करणारा माणूस फाडत नाही, म्हणून ए आणि बी शेजारी शेजारी सुखाने नांदतात. पोराने दोन ओळी वाजवल्या आणि थांबून माझ्याकडे बघितलं. ढोलकवाला म्हणाला, "अरे, इसमें तो धुन है!"

एक छोटी गोष्ट इथे जपावी लागते. लूपमधला सिग्नल गिटारच्या सिग्नलपेक्षा तगडा असू शकतो. काही ॲम्पच्या मागे -१० आणि +४ असं लिहिलेलं स्विच असतं. पायाखालची छोटी पेडल लावायची असतील तर -१० वर ठेवावं, नाहीतर डिले स्वतःच घुसमटून फाटतो आणि आपण पुन्हा पहिल्या जागी.

पण सोलो ऐकू येत नव्हता याचं अर्धंच उत्तर मिळालं होतं. सूर आता कळत होते, पण कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की गिटार त्यांच्याखाली दबायची. पोराची युक्ती अशी होती की सोलो आला की नारिंगी पेडल दाबायचं. आवाज वाढेल अशी आशा. वाढत नव्हता. खरखर वाढायची, आवाज तेवढाच.

हे मला चटकन कळलं, कारण मी वर्गात हेच शिकवायचो. जेट इंजिनात इंधन जळतं ते टर्बाइनच्या आधी. तिथे किती जाळायचं याला मर्यादा आहे, कारण टर्बाइनची पाती ठरावीक तापमानाच्या वर टिकत नाहीत. मग लढाऊ विमानाला एकदम जादा जोर हवा असेल तर काय करतात? टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन फवारतात. तोच आफ्टरबर्नर. इंधन तेच, आग तीच, पण टर्बाइनच्या पुढे जाळलं तर पाती वितळतील आणि मागे जाळलं तर रेटा मिळतो. जागेने काम बदललं. गिटारमध्ये फाडणारा प्रीॲम्प म्हणजे आपलं टर्बाइन समजा. तो आधीच छताला टेकलेला आहे. त्याच्या पुढून कितीही जोराने ढकला, तो आणखी फाडेल, मोठा करणार नाही. आवाज मोठा करायचा तर धक्का त्याच्या मागून द्यायला हवा, म्हणजे लूपमध्ये.

लूपमध्ये लावायला आवाज वाढवणारं वेगळं पेडल आमच्याकडे नव्हतं. नवीन घ्यायचं तर माउंट रोडवर म्यूझी म्यूझिकल आहे, १८४२ पासूनचं दुकान, तिथे नुसतं फिरून आलं तरी दिवस कारणी लागतो. पण महिनाअखेर होती. कीबोर्डवाल्याकडे पायाने दाबायचं एक व्हॉल्यूम पेडल पडून होतं. ते लूपमध्ये डिलेच्या आधी लावलं. साथीच्या वेळी पाऊण दाबलेलं, सोलोला पूर्ण. खरखर तेवढीच, आवाज मात्र पुढे येतो. डिलेच्या आधी अशासाठी की पाय उचलला तरी आधीचे प्रतिध्वनी आपल्या चालीने विरतात, मधेच गळा दाबल्यासारखे थांबत नाहीत.

इथे गंमत अशी की हेच पेडल पोराने आधी एकदा गिटारला थेट लावून पाहिलं होतं आणि आवाज मेल्यासारखा झाला म्हणून परत दिलं होतं. कीबोर्डसाठीच्या व्हॉल्यूम पेडलचा रोध कमी असतो, साधारण २५ किलोओहम. कीबोर्डला चालतो, कारण त्याचा सिग्नल तगडा. गिटारच्या चुंबकाला मात्र त्याच्या दहापट, अडीचशेच्या आसपास हवा, नाहीतर वरचे सूर गिळले जातात. ॲम्पच्या सेंडमधून येणारा सिग्नल तगडा असतो, तिथे कीबोर्डचं पेडल चोख चालतं. एकच वस्तू पुढे लावली तर भंगार, मागे लावली तर कामाची.

आता कोणी विचारेल, मग सगळंच मागे लावावं का? नाही. वाहवाहला भरघोस आवाज खायला आवडत नाही, ते गिटारच्या जवळ, फाडण्याच्या आधी ठेवलं की माणूस बोलल्यासारखं वाजतं. ट्यूनर सर्वांत आधी, कारण त्याला स्वच्छ सूर लागतो. जुन्या पद्धतीचं फझ तर इतकं मानी असतं की त्याच्या आणि गिटारच्या मधे दुसरं पेडल आलेलंही त्याला खपत नाही. फेझरची जागा आवडीची. एडी व्हॅन हेलनने फेझर फाटणाऱ्या ॲम्पच्या पुढे लावून जे केलं ते लूपमध्ये लावून होणार नाही. यू टूचा एज डिले सरळ व्हॉक्सच्या पुढच्या भोकात घालतो, त्या ॲम्पला लूपच नाही, आणि थोडं फाटलेलं ते त्याला तसंच हवं असतं. पुस्तकातला क्रम हा सुरुवातीचा क्रम. विचारायचं एवढंच असतं की मला सुराचा चेहरा बदलायचा आहे की चेहरा झालेल्या सुराला खोली द्यायची आहे. पहिलं फाडण्याच्या आधी, दुसरं नंतर.

अधूनमधून मी त्याला घेऊन डिसेंबरातल्या सभांच्या गोष्टी करायचो. यू. श्रीनिवास विजेच्या मेंडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवायचे, २०१४ मध्ये गेले. त्यांच्या रेकॉर्डिंगमधलं गमक ऐकल्यावर मला कायम वाटतं की विजेवर चालणाऱ्या वाद्याला फाडल्याशिवायही खूप काही बोलता येतं. पोराला हे पटलं नाही. त्याच्या वयाला पटूही नये.

मग तालमीच्या मधेच नवीन दुखणं. ॲम्पचा आवाज अधूनमधून जायचा, परत यायचा. तळाबाहेरच्या एका दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं की आतलं अख्खं बोर्ड बदलावं लागेल, आणि आकडा असा सांगितला की त्यात सेकंडहँड ॲम्प आला असता. हे दुखणं समुद्राजवळच्या प्रत्येक गावात होतं, म्हणून लिहून ठेवतो. रिटर्नच्या भोकात आत एक पत्री असते. वायर घातली की ती उचलली जाते, काढली की टेकते आणि आतला रस्ता जोडते. तांबरमच्या दमट खाऱ्या हवेत त्या पत्रीवर थर जमतो. मग वायर काढून ठेवली तरी रस्ता नीट जुळत नाही, आवाज तुटतो किंवा अर्धा होतो. तपासायची पद्धत एका मिनिटाची: एक छोटी वायर सेंडमधून थेट रिटर्नमध्ये घाला. आवाज ठणठणीत झाला तर बोर्डाला काही झालेलं नाही. आमचा झाला. रविवारी लोकलने पार्क स्टेशनला उतरलो, चालत रिची स्ट्रीट, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा आणि चांगले चार जॅक घेतले, येताना भरपेट इडली-पोंगल. फवारा मारून जॅक दहा-वीस वेळा आतबाहेर केला. संपलं.

आणि गुणगुण. लूप वापरला की ॲम्पपर्यंत दोन वायरी जादा जातात, पेडलांना अडॅप्टर लागतो, स्टेजवर मिक्सर दुसऱ्या प्लगवर, ॲम्प तिसऱ्यावर, आणि सगळ्यांच्या अर्थिंगचा मिळून एक फेरा तयार होतो. त्यातून ५० हर्ट्झचा घूं असा आवाज. मंडपवाल्यांचा यावर ठरलेला इलाज म्हणजे प्लगची जाड तिसरी पिन तोडणे. गुणगुण खरंच जाते. पण गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या अर्थला. यातल्या एकाचा अर्थ तुटला आणि त्यातच विजेची गळती झाली, तर हातात तार आणि ओठाला माइक लागल्यावर मधला रस्ता माणूस होतो. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ ला स्वान्सीच्या स्टेजवर असाच गेला, अर्थ नसलेल्या माइकला हात लागून. सत्तावीस वर्षांचा होता. आमच्याकडे पिन तोडायला निघालेल्या एकाचा पक्कड मी काढून घेतला. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेतली, त्या बोर्डाचा अर्थ तपासला, ॲडॅप्टर बदलून चांगला घेतला. गुणगुण ऐंशी टक्के गेली. उरलेली वीस टक्के बडा खान्यात कोणाला ऐकू येते?

पेडल मांडायला पोराने आपल्या काळ्या ट्रंकेचं झाकण वापरलं. आत प्लायवूड ठोकलं, त्यावर चिकटपट्ट्या. मी त्याला एका बाजूला दोन रांगा पाडून दिल्या. पहिली रांग पुढची: ट्यूनर, वाहवाह, नारिंगी. दुसरी लूपची: व्हॉल्यूम, डिले. या कंपनीच्या पेडलांत वायर उजवीकडून शिरते आणि डावीकडून निघते, उर्दूसारखी, हे नवख्याला हमखास चकवतं, म्हणून बाणही काढले. लूपच्या दोन वायरी आणि पुढची एक, तिन्हींना वेगळ्या रंगाची टेप. स्टेजवरच्या अंधारात घाईने सेंडची वायर पुढच्या भोकात गेली की कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच किंचाळी ऐकू येते. विमानाजवळ काम करणाऱ्यांना टेपची किंमत कळते.

आदल्या दिवशी, सोमवारी, आयुधपूजा होती. तामिळनाडूत त्या दिवशी स्कूटरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. आमच्या कुकने कोणाला न विचारता ट्रंकेच्या झाकणाला, तिन्ही पेडलांना आणि ॲम्पच्या जाळीला बोटं लावून ठेवली होती, आणि वाहवाहवर एक झेंडू.

कार्यक्रमाबद्दल फार लिहीत नाही. सोलो आला, पोराने पाय खाली दाबला, आणि मिक्सरवर बसून मला पहिल्यांदा काहीच करावं लागलं नाही. मागच्या रांगेत बिर्याणीच्या ताटांसह उभे असलेले काही प्रशिक्षणार्थी खायचे थांबले, एवढं पाहिलं. त्याची बायको लहान मुलीला मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत होती. मुलगी झोपलेली होती ती झोपलेलीच राहिली, म्हणजे आवाज मोठा असूनही कर्कश नव्हता असं मी समजतो.

तो गेला ईशान्येकडे. ट्रंक त्याच्याबरोबर गेली, कीबोर्डवाल्याचं पेडल मात्र इथे राहिलं. जानेवारीत फोन आला. तिथल्या युनिटमध्ये एक जुना ॲम्प सापडला होता, पण मागे भोकंच नाहीत. ना सेंड, ना रिटर्न. "आता काय करू सर? डिले परत भोंगा होतोय."

त्याला सांगितलं ते असं. लूप नसला तर फाडण्याचं काम ॲम्पकडून काढून घे. ॲम्पचा गेन कमी कर, इतका की तार जोरात छेडली तरी आवाज स्वच्छ राहील. फाडायचं ते नारिंगी पेडलने. त्याच्या पुढे व्हॉल्यूम, त्याच्या पुढे डिले, मग ॲम्पचं पुढचं भोक. म्हणजे आपला लूप जमिनीवरच तयार झाला: फाडणारा आधी, इको नंतर, आणि त्याच्या पुढे फक्त मोठा करणारा. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर बिन्सनचं इको यंत्र हायवॉटच्या ॲम्पपुढे लावायचा, ते याच जोरावर. ॲम्प स्वच्छ, म्हणून इको स्वच्छ. नारिंगी पेडलमधून निघालेला सिग्नल तगडा असतो, तेव्हा कीबोर्डवाल्यासारखं स्वस्त व्हॉल्यूम पेडल मिळालं तरी तिथे चालेल. फक्त ॲम्पचा आवाज फार चढवू नकोस. जुना ॲम्प पूर्ण चढवला की मोठा करणारा माणूसच फाडायला लागतो, आणि त्याच्या मागे जाऊन इको लावायची सोय कुठल्याच लूपमध्ये नाही.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. काही न बोलता त्याने तो ॲम्पसमोर धरला. फोनवरून टोन वगैरे काय कळणार, पण एक सूर पडला, मग तोच थोडा मागून, मग त्याहून हळू, मग आणखी हळू. मी मोजले, चार. पाचव्याच्या आधी रेंज गेली.